खर्ड्याची तेवीस किलो नाणी आणि चिंचेचं पाणी

"आता पुरे" असं स्वतःला बजावून मला जेमतेम दोन महिने झाले होते. नाणी जमवण्याचा हा उद्योग मी तीस वर्षं करते आहे. नोकरीत असताना प्रयोगशाळेत आठवडाभर रक्त-लघवी तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात जाऊन बसायचं. आता निवृत्त झाले, गुडघे बोलायला लागले, कपाटात जागा उरली नाही, आणि नवरा म्हणतो की आपल्यानंतर हे सगळं भंगारवाला किलोवर नेणार आहे. सगळं मान्य. तरी फेब्रुवारीत दत्ता नावाच्या माणसानं पाठवलेले नाण्यांचे फोटो मोबाईलवर आले आणि माझं व्रत मोडलं.

दत्ता हा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला असलेला पस्तिशीतला माणूस. नगरला एका प्रदर्शनात मी नाण्यांवर बोलले होते, तिथे त्यानं माझा नंबर घेतला होता. (अहिल्यानगर म्हणायचं आता, ठाऊक आहे, पण तोंडात नगरच बसलंय, सांभाळून घ्या.) त्याचं गाव खर्डा, जामखेड तालुक्यात. आजोबांची तिथे इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती आणि दळणाचे पैसे ते तुपाच्या डब्यांत टाकायचे. त्या काळात खर्डा म्हणजे इंग्रजी मुलखाचं टोक, पलीकडे लगेच निजामाची हद्द. दळण दोन्हीकडून यायचं. त्यामुळे डब्यांत इंग्रज राजाचे पैसेही पडले आणि निजामाचेही. पुढे आणे गेले, नवे पैसे आले, तेही काही वर्षं डब्यांत पडले, निजामाचं चलन बंद झालं, आणि डबे माळ्यावर तसेच राहिले.

फोटोत तीन डबे पोत्यावर ओतलेले होते. सगळं काळं-तपकिरी, कडांना जुनं पीठ चिकटलेलं. ज्याला यातलं कळत नाही तो म्हणेल, शी! मला मात्र बसल्या जागी घाम फुटला. जुन्या तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षं जो काळसर थर चढतो ना, आमच्या छंदात त्यालाच किंमत. थर शाबूत म्हणजे नाण्याला कुणी छेडलेलं नाही. त्यात एका पुरचुंडीतले दोन-तीनशे पैसे तर बाजारात फिरलेलेच दिसत नव्हते, राजाच्या दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा असे. चाळीस हजारांवर सौदा ठरला. दहा मी लगेच पाठवले, तीस येताना रोख आणायचे.

आणि एक वाक्य मी बोलायची विसरले. प्रत्येक भाषणात पहिलं सांगते ते वाक्य. घासाघीस करण्याच्या नादात डोक्यातून निघूनच गेलं. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाची गाडी वाकडेवाडीहून पकडली. पुणे-नगर बायकांना अर्धं तिकीट, शंभर-सव्वाशेत काम होतं. खिडकी मिळाली तर घ्या, पण उजवीकडची नको, शिरूरनंतर ऊन थेट तोंडावर येतं. रांजणगावपर्यंत गाडी कंपन्यांच्या बसमागून रांगत होती, सुप्यानंतर जरा वेग धरला, आणि केडगावात येऊन ठप्प. नगर समोर दिसतंय आणि आपण अर्धा तास एका उसाच्या ट्रॉलीच्या मागे. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "पुण्याहून नगर येतं ओ लवकर, केडगाव जात न्हाई." मी मान डोलावली. बोलायचंही त्राण नव्हतं, आणि प्रवास अजून निम्मासुद्धा झाला नव्हता.

माळीवाड्याच्या स्टँडवर दत्ता उभा होता. रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे तांबडे, हातात माझ्यासाठी पाण्याची बाटली. आम्ही स्टँडसमोर मिसळ खाल्ली. झणझणीत, पाव ताजा, दोघांचे मिळून दीडशेच्या आसपास. पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.

जामखेडची गाडी अकराला लागली. रस्ता आता बरा आहे, पण गंमत अशी की मध्येच तो बीड जिल्ह्यात शिरतो, कडा-आष्टी दाखवतो आणि पुन्हा नगर जिल्ह्यात येतो. दोन्ही बाजूंना कोरडं रान, ज्वारीची काढणी सुरू, मध्येच एखादा कांद्याचा हिरवा पट्टा. दत्ता पेंगत होता. आष्टीला जागा झाला आणि एकदम म्हणाला, "ताई, माल बघून खूश व्हाल तुम्ही. आईनं लई मेहनत घेतलीय."

मी म्हटलं, "मोजलीत की काय सगळी?"

तो नुसता हसला. "घरी गेल्यावर बघा."

मला वाटलं, मोजली असतील. बिचारी म्हातारी, म्हटलं, कशाला एवढा त्रास घेतला.

जामखेडहून खर्डा पाऊण तासाचा. दुसरी एसटी लगेच नव्हती म्हणून जीपमध्ये कोंबून घेतलं, माणशी पन्नास रुपये. अडीच वाजता उतरले तेव्हा माझं कंबरडं माझं राहिलं नव्हतं.

दत्ताचं घर रस्त्याला लागूनच. पुढे बंद पडलेल्या गिरणीचं पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्या आणि अंगण. अंगणात जुन्या गोधड्या पसरलेल्या होत्या आणि त्यांवर काहीतरी पिवळंधमक वाळत घातलं होतं. लांबून मला हरभऱ्याची डाळच वाटली.

डाळ नव्हती.

तेवीस किलो नाणी होती. घासून, धुऊन, उन्हात मांडलेली. तांब्याचा पैसा न् पैसा गुलाबी, पितळी नाणी दसऱ्याच्या समईसारखी लखलखीत. दत्ताची आई हौसाबाई, सत्तरीच्या पुढची, हाडकुळी, नऊवारीचा पदर खोचलेली, गोधडीच्या कडेला उकिडवी बसून एका पैशाच्या अक्षरांतला मळ कडुनिंबाच्या काडीनं काढत होती. मला बघून उठली आणि तोंडभर हसली.

"आलीस का बाई! बघ तुझा माल. वळखू येतोय का?"

समोर एखाद्यानं सोललेले बटाटे मांडून ठेवावेत तसं दिसत होतं सगळं. ज्या थरासाठी मी चाळीस हजार मोजत होते, तो थर तिथे शेजारच्या घमेल्यात होता: काळं, फेसाळ, आंबट वासाचं पाणी. चिंच, चुलीतली राख, विटेची भुकटी.

हौसाबाईची सून, दत्ताची बायको सुनंदा पाणी घेऊन आली. ती उत्साहानं सांगायला लागली, "तीन दिवस घासतोय आमी. नवी चिंच फोडलीवती, तीच भिजत घातली. मी म्हनलं आई, पुरे करा, इतकं कशाला. तर ऐकत्यात व्हय!"

"का म्हंजे?" हौसाबाई म्हणाली. "बाजारात बैल न्यायचा तर त्याला नदीवर धुतोत, शिंगं रंगवतोत, मंगच नेतोत का न्हाई? शेनात बरबटलेलं जनावर कुनी गिऱ्हाइकाम्होरं उभं करतं का? तू पुन्याहून एवढी लांब येनार, आन् आमी तुला पिठानं घान झालेलं काळं-बेंदरं द्यायचं? आमाला काय लाज?"

तिनं हात पुढे केले. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती, अंगठ्याला दोन उभ्या चिरा, त्यांत राख भरलेली. "चिंच लागती जरा," ती म्हणाली आणि हात पदराला पुसले.

मी काय बोलणार होते? बोलायला हवं होतं, ते ठाऊक आहे. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "छान दिसतायत, मावशी."

हे पहिलं खोटं. एकदा तोंडातून गेलं की मागे घेता येत नाही, हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कुणी शिकवायला नको होतं.

संध्याकाळी मोबाईलची रेंज शोधत शेडच्या मागे गेले आणि नवऱ्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आता किती किंमत राहिली त्याची?"

"पंधरा. फार तर सोळा."

"मग सांगून टाक ना त्यांना. चूक त्यांची आहे."

"चूक माझी आहे. धुऊ नका म्हणून मीच सांगितलं नाही. आणि तू ये इथे, त्या बाईची बोटं बघ, आणि तू सांग."

तो म्हणाला, "जेवलीस का?" आमच्याकडे वाद संपल्याची ही खूण आहे.

जेवण मात्र असं की थकव्यातही लक्षात राहिलं. बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी, म्हणजे डाळीच्या पातळ पाण्याची लालभडक, लसूण-खोबऱ्याची आमटी. भाकरी तीत चुरून भुरकायची. नाकातून पाणी आलं. या भागात आलात तर ढाब्यावरच्या पनीरच्या नादी लागू नका, कुणाच्या घरी ही आमटी मिळाली तर देवाचे आभार माना. मुक्कामाला जामखेडात लॉज आहेत, पण हौसाबाईनं माझी पिशवी केव्हाच आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

शनिवारी दिवसभर नाणी निवडली. वाचकांपैकी कुणाला असा मोठा साठा घ्यायची हौस असेल तर नीट ऐका: त्यात काहीही रोमांचक नसतं. मी पोत्यावर मांडी घातली, गुडघा म्हणाला नको, मग पाटावर बसले. लोहचुंबक फिरवून निकेलची बाजूला केली. ॲल्युमिनियमचे पैसे वेगळे, तरंगतील इतके हलके. भोकाचे पैसे सुतळीत ओवले. कमळाचे पिवळे वीस पैसे निघाले दोन ओंजळी. त्यात सोनं असतं म्हणून एके काळी घरोघरी लोकांनी दडवून ठेवले होते. हौसाबाईनं हळूच विचारलं, "असतं का गं?" मी म्हटलं, "नसतं." ती म्हणाली, "मामंजीबी असंच म्हनायचे, पर ठिवलं त्यांनीबी."

मी आशेनं शोधत होते. एखादं तरी नाणं हातून निसटलं असेल, एखादी मूठ तरी काळी राहिली असेल. ती न फिरलेल्या पैशांची पुरचुंडी हाताला लागली. उघडली. एकूण एक पैसा चकाचक, राजाची दाढी पार गुळगुळीत. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच आलं. सुनंदानं विचारलं, "काय झालं ताई?" म्हटलं, चिंचेचा वास झोंबतोय. दुसरं खोटं.

दत्ता अधूनमधून येऊन बसायचा. तो निजामाचे पैसे ओळखायला पटकन शिकला. "हे आजोबांनी हद्दीपलीकडच्यांकडून घेतलेले," म्हणायचा आणि प्रत्येक वेळी नव्यानं खूश व्हायचा. त्याचा तो आनंद बघून माझी पाठ जास्त दुखायची. दुपारी चारपर्यंत चौदा ढीग झाले आणि मला सरळ उभं राहता येईना.

तेव्हा सुनंदाच म्हणाली, "चला, किल्ल्यावर जाऊ. बसून बसून आखडला असाल."

खर्ड्याचा भुईकोट गावाला लागून आहे, चालत दहा मिनिटं. तट अजून दणकट, दरवाजा उंच, आत मात्र गवत आणि शेळ्या. आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. मराठ्यांची आणि निजामाची लढाई या गावाजवळ झाली, तिचं वर्णन तुम्हाला कुठेही मिळेल. मला त्या दिवशी तटाचा दगड गार लागला, एवढंच आठवतंय. पाठ टेकून बसले, बरं वाटलं.

सुनंदा बोलायला लागली. "गिरणीच्या शेडात मला मिरची कांडपायचं यंत्र टाकायचंय. हितं कुनाकडंच न्हाई. मार्च लागला की बाया मसाल्याच्या मिरच्या घिऊन जामखेडला जात्यात, दिवस मोडतो. यंत्राला अडतीस हजार सांगितल्यात. तुमच्या पैशात बसतंय. ह्यांना तिकडं खोली करून ऱ्हावं लागतं, रात्रपाळ्या करून डोळे बघितले न्हवं तुमी? यंत्र चाललं तर पुढं-मागं घरी येतील." आणि मग हसून म्हणाली, "म्हनून तर घासत हुतो जीव तोडून. गिऱ्हाइकानं भाव पाडाया नको."

मी तिच्याकडे बघितलं नाही. समोर एक शेळी तटाच्या फटीतलं गवत ओढत होती, तिच्याकडे बघत राहिले. आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आत्ता सांगितलंस तर ती समजून घेईल. पण माझ्या तोंडून निघालं ते हे: "कांडपाला गिऱ्हाईक येईल बघ भरपूर."

आता थोडं माझ्याबद्दल, कारण इथवर मी फार दयाळू दिसतेय. मी काही एवढी साधी नाही.

त्या घरात आणखी एक वस्तू होती. हौसाबाईच्या सासऱ्यांची, म्हणजे दत्ताच्या आजोबांची, लोखंडी पेटी. हातभर लांब, कुलूपबंद. ती मला शनिवारी संध्याकाळी दाखवली. हौसाबाई म्हणाली, "मी नवी नवरी हुते तवा मामंजी ह्यात रुपये ठिवायचे. चारमिनार काढलेले, चांदीचे. चावी गेली ती गेलीच. आमचे मालक असताना धुंडली, न्हाई घावली."

"कुलूप तोडलं नाही?"

"मामंजींनी लावलेलं कुलूप? मी न्हाई तोडू देनार."

मी पेटी हलवून बघितली. आतून जो जड, दबका आवाज आला, तो तीस वर्षांच्या कानांना कळतो. आत चांदी होती. आणि मुख्य म्हणजे आतली नाणी काळी होती. पन्नास-पंचावन्न वर्षं अंधारात, कुणाचा हात नाही, चिंच नाही, राख नाही. त्या कुलपानं त्यांना हौसाबाईच्या मायेपासून वाचवलं होतं.

तर मी खरं का सांगितलं नाही? बोटांच्या चिरा बघून, हे खरंच. यंत्रासाठी, हेही खरं. पण त्या पेटीसाठीसुद्धा. आज या बाईला दुखावलं तर उद्या चावी सापडल्यावर फोन मला येणार नाही, हा हिशोब माझ्या डोक्यात होता. दया आणि हाव एकाच पिशवीत होत्या, आणि कुठली जास्त वजनाची ते मी तेव्हा तोलून बघितलं नाही.

रविवारी सकाळी पूर्ण तीस हजार सुनंदाच्या हातात ठेवले. तिनं ते आधी देवापुढे ठेवले, मग सासूच्या हातात दिले, सासूनं परत तिच्या हातात. हौसाबाईनं माझी ओटी भरली आणि मला समोर बसवून विचारलं, "खरं सांग बाई. आल्यापास्नं तुझं तोंड उतरलंय. माल पसंत हाय ना?"

इतकं सरळ विचारल्यावर तरी?

"पसंत आहे, मावशी. प्रवासानं दमलेय नुसती."

तिसरं.

दत्तानं नाण्यांच्या दोन पिशव्या स्टँडवर आणून दिल्या. गाडी लागली होती. हौसाबाई चालत सोडायला आली होती, काठी टेकत. मी म्हटलं, "पेटीची चावी सापडली तर मला आधी फोन करा हं." ती म्हणाली, "तुलाच करनार. दुसरं कोन हाय आमचं ह्यातलं जानकार?"

आणि मग मला ते वाक्य बोलायचं होतं. "आतली नाणी घासू नका." चारच शब्द. पण ती म्हणाली असती, का गं? ही तर घासलेली तुला पसंत हायेत. मग मी काय सांगणार होते? एक खोटं झाकायचं तर ते वाक्य गिळायलाच हवं होतं. म्हटलं, घरी गेल्यावर फोनवर सांगू काहीतरी कारण काढून. पन्नास वर्षं न सापडलेली चावी आठवड्यात थोडीच सापडतेय!

परतीचं काय सांगू? कंडक्टरनं पिशवी उचलायला हात लावला आणि सोडला. "काकू, लोखंडाचं दुकान उठवून आणलं का काय?" जामखेडला एकदा, माळीवाड्याला एकदा, वाकडेवाडीला एकदा, अशा तीनदा त्या पिशव्या चढल्या-उतरल्या. चाकांची बॅग न्या, कळकळीनं सांगते. माळीवाड्यावर हमालाला शंभर रुपये दिले आणि ते मला स्वस्त वाटले. घरी पोचले तेव्हा नवऱ्यानं दार उघडलं, पिशव्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला गेला.

फोन करायचा राहिला. आज करू, उद्या करू. कारण काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि नाणी काढून बघायचंही मन होत नव्हतं. पिशव्या पलंगाखाली गेल्या.

तीन आठवड्यांनी हौसाबाईचाच फोन आला. मागे केवढा तरी खडखडाट. ती ओरडून बोलत होती.

"आगं, यंत्र आलं! आन् चावी घावली! यंत्राला जागा कराया जुनी चक्की हलवली, तर भितीला खिळा, आन् खिळ्याला चावी. मामंजींनी टांगलेली!"

मी विचारलं, "उघडली पेटी?"

"परवाच उघडली. आगं रुपयं हायेत, चारमिनारचे. त्रेपन्न. पर बाई, काय त्यांची दशा! काळे ठिक्कर, तव्यावानी. मी म्हनलं, तुला असे दावायचे व्हय? मंग दोन दिस बसले. चिंच लावली, राख लावली. ह्या टायमाला लिंबूबी लावलं. आता बघ, आरशावानी झाल्यात. म्हनलं, आधी सगळं नीट करावं, मंग तुला फोन."

मी खाली बसले. पलंगाखाली पिशव्यांचा कोपरा दिसत होता.

आणि मी सांगितलं. सगळं. तो काळा थर म्हणजे काय, त्याला किंमत का, पहिले डबे घासल्यावर ते कसे पंधरा हजारांचे राहिले, मी का बोलले नाही. पेटीच्या हावेचंसुद्धा सांगितलं, लाज सोडून. पलीकडे यंत्र वाजत होतं. मग तिनं सुनंदाला हाक मारली, "बंद कर गं जरा." आवाज थांबला.

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा म्हणेल की पैसे परत नेऊन टाक.

ती म्हणाली, "आगं बाई, मंग तवाच सांगायचं की! मी इच्यारलं नव्हतं व्हय तुला, म्होरं बसवून?"

"विचारलं होतं, मावशी."

"तुझं पैसं गेलं ते गेलं, ते तू जानून-बुजून दिलं. पर माझी बोटं नुकती कुठं भरून आल्ती गं. दोन दिस लिंबात घातली म्या ती. भाकरी थापता येईना आता. ते तरी वाचलं असतं."

नाण्यांचं म्हणाल तर चांदी चांदीच असते, त्या त्रेपन्न रुपयांचं काही ना काही होईल. मी त्या घरावर दया केली असं तीन आठवडे मनातल्या मनात समजत होते. त्या दयेची किंमत त्या बाईनं आपल्या बोटांनी दिली.

मी म्हटलं, "मी येते, मावशी. या शनिवारी."

"ये," ती म्हणाली. "सुनंदा थापंल भाकरी. आन् हे बघ, पेटीच्या तळाला दोन रुपयं चिकटलेत, निघाले न्हाईत घासताना. काळेच हायेत. त्यांना आता हात लावू, का नगं?"

"नका लावू, मावशी."

"बघ," ती म्हणाली, "बोलाया येतंय की तुला."